राबात गेलेल्या शेंगा

लाकडाची गोळी म्हणजे करंगळीच्या पेराएवढी, गुळगुळीत, दोन्ही टोकांना मोडल्यासारखी दिसणारी कांडी. आमच्या कार्डावर तिला 'जैवइंधन' असं भारदस्त नाव छापलेलं आहे. मुरबाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी ज्या वाडीत आमचं यंत्र आहे, तिथे मात्र पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने मूठभर गोळ्या नाकाशी नेल्या आणि विचारलं, "मॅडम, येवढा कारखाना बांधला, लाईट आनली, आनि पाडल्या काय, तर शेळीच्या लेंड्या?"

तेव्हापासून आमच्या मालाचं नाव लेंड्या. टेम्पो भरायला आला की "लेंड्यांची गाडी आली" असा पुकारा होतो. माझ्या नवऱ्याला, अविनाशला, याचा राग यायचा. मी काही बोलायचे नाही. मी एकूणच कमी बोलते. ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या घरात हा माझा गुण म्हणून सांगितला जातो. या गुणाने वाडीतल्या एका बाईचं काय झालं, ते मला लिहायचं आहे. पण आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी शेतकी पदवीधर. अविनाशने डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे बॉयलर सांभाळण्यात उमेदीची वर्षं घालवली. कोळशाच्या धुराला कंटाळून आम्ही हा उद्योग काढला तेव्हा वाटणी सरळ होती. लाकूड उगवायचं मी, दाबायचं त्याने.

दाबायचं म्हणजे असं : लाकडाचे तुकडे करून वाळवायचे, त्यांचा भुसा करायचा आणि तो भोकाभोकांच्या जाड पोलादी चकतीतून रुळाखाली दाबून काढायचा. गोंद घालावा लागत नाही. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलाच चिकटपणा सुटतो, गार झाला की घट्ट बसतो. सगळं कसब ओलीचं. भुसा ओला राहिला तर यंत्र फुसफुसतं आणि गोळी फुगते, फार सुकला तर नुसता धुरळा उडतो.

सुरुवातीला आम्ही कल्याणच्या वखारींमधून भुसा आणायचो. त्यात प्लायवूडचा डिंक, खिळे, एकदा तर अख्खी बिजागरी निघाली. ती चकतीत गेली तेव्हा अविनाशचा चेहरा जो झाला, तो त्याच्या वडिलांच्या आजारपणातही झाला नव्हता. मग ठरवलं, लाकूड आपणच उगवायचं आणि जिथे उगवेल तिथेच यंत्र न्यायचं. लाकूडफाटा हलका आणि जागा खाणारा. टेम्पोत निम्मी हवाच जाते. गोळी करून आणली तर वाहतूक परवडते. म्हणून इतक्या आडबाजूला गेलो.

वाडीच्या डोक्यावर वरकस जमीन होती. म्हणजे चढावरची, मुरमाड, पूर्वी नाचणी-वरी घ्यायचे ती. माणसं कामाला कल्याण-भिवंडीकडे जाऊ लागली तशी ती पडीक राहिली. तिथे मी सुबाभूळ लावायला सांगितलं. तोडलं की पुन्हा फुटतं, खोडं सरळ, पाला शेळ्या खातात. बियांचं कवच मात्र फार टणक. नुसतं पेरलं तर निम्मं बी मातीत झोपून राहतं. त्याला जागं करायला कढत पाणी लागतं. हे मी वाडीतल्या बायकांना चुलीवर पातेलं ठेवून करून दाखवलं. पाणी उकळायचं, खाली उतरवायचं, जरा निवलं की बी टाकायचं.

"बियाला चटका देऊन उठवायचं म्हंजे सासूसारखंच की," हिरामावशी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

हिरामावशी त्या वाडीची बियाण्याची बाई. असं काही पद नसतं, पण होतं. कापणीच्या आधी ती आपल्या उभ्या भातात फिरायची, चांगल्या लोंब्या निवडून बाजूला काढायची, सुकवायची, कणगीत ठेवायची. पेरणीच्या वेळी वाडीतली बहुतेक घरं तिच्याकडून बियाणं न्यायची आणि सुगीनंतर आपलं भात तिला आणून द्यायची. कोणाच्या खाचरात पाणी तुंबतं, कोणाला हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात द्यायचं, हे ती ठरवायची. घरी ती आणि तिच्या कोंबड्या. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. तिच्या दारात माणसं यायची ती या बियाण्यासाठी.

गिऱ्हाइकांबद्दलही सांगायला हवं, कारण गडबड तिथूनच सुरू झाली. विचित्र गिऱ्हाइकं बरीच. वर्तकनगरच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, "मांजराला चालतील का हो तुमच्या गोळ्या?" अविनाश दचकून म्हणाला, "बाई, मांजर जाळायला?" "अहो, शू करायला!" लाकडाची गोळी पाणी शोषते, वास धरून ठेवते. त्या बाई आजही आमच्या गिऱ्हाईक आहेत आणि एकदाही तक्रार नाही. मांजराची असेल तर कळलेली नाही.

तक्रार आली ती नौपाड्यातल्या फरसाणवाल्या काकांकडून. त्यांच्या तळणीच्या भट्टीला आमच्या गोळ्या लागत. एका सकाळी त्यांचा फोन : "अविनाशराव, मी चिवडा करायला बसलोय की बांगड्या ओतायला? या आणि बघा." भट्टीच्या जाळीवर काळी-हिरवी काच जमली होती. याला खंगर म्हणतात. पाला, साल, शेंगा यांच्या राखेत असे क्षार असतात की ती राख भट्टीत वितळते आणि दगडासारखी बसते. म्हणजे माल शुद्ध खोडाचाच हवा. त्या दिवसापासून नियम केला : पाला, काड्या, शेंगा यंत्रात जाणार नाहीत.

मग त्यांचा ढीग व्हायला लागला. शेळ्या खाऊन खाऊन किती खाणार? कारखान्याच्या खळ्यालगत डोंगर झाला. अविनाश म्हणाला, "हा कचरा हलव. आग लागली तर सगळंच जाईल."

आणि मला राब आठवला.

राब म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या भातशेतीची जुनी रीत. रोपं करायची जागा आधी भाजून काढायची. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा, वरून मातीचा थर, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने आग द्यायची. हळूहळू धुमसत सगळं जळतं. माती भुसभुशीत होते, तणाचं बी मरतं. त्या डहाळ्यांसाठी दरवर्षी ऐनाची झाडं भुंडी होतात. मला वाटलं, आमचा पाला राबाला दिला तर ऐन वाचेल, ढीगही हलेल. वाडीला कल्पना आवडली. बायका भारे नेऊ लागल्या. ठाण्यात एका सभागृहात मी यावर भाषणही दिलं. कमी बोलणारी मी त्या दिवशी बरंच बोलले. टाळ्या पडल्या.

भाऱ्यांमध्ये वाळलेल्या शेंगा होत्या. त्या मी पाहिल्या होत्या. मनात एवढंच आलं की जळून जातील.

जूनमध्ये पेरणी झाली आणि थोड्या दिवसांत वाफ्यांमध्ये भाताबरोबर दुसरंच काही उठलं. चिंचेसारखी बारीक पानं. दाट. सुबाभळीची रोपं. ती उपटायला जावं तर भाताचं कोवळं रोप सोबत येई. ठेवावीत तर भात त्यांच्याखाली पिवळं पडे. वाडीभर हाच प्रकार. आवणीला, म्हणजे वाफ्यातून काढून खाचरात लावायला, रोपं कमी पडली आणि कित्येकांची खाचरं अर्धी ओसाड राहिली.

मी तो पहिला वाफा बघितला आणि उभ्या जागी समजले. वरच्या शेंगा जळल्या होत्या, पण पाल्यातून निसटून मातीच्या भेगांत पडलेल्या बियांना आग लागली नव्हती. त्यांना चटका बसला होता. कढत पाण्याचं काम राबाने केलं होतं. खात्री करायला वाडीच्या वरच्या टोकाला गेले. तिथलं एक घर आमचा पाला नेत नसे. राब ऐनाचा, बियाणं हिरामावशीचंच. त्यांच्या वाफ्यात सुबाभळीचं एक पान नव्हतं.

त्याच दिवशी देवळापुढे माणसं जमली. राबात तणाचं बी जळतं हे वाडीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्यामुळे पाल्यावर कोणाचा संशयच गेला नाही. गेला तो बियाण्यावर.

"मावशीनं औंदा भात कुठं सुकवलं?" कमळ म्हणाली. कमळ म्हणजे आमच्या यंत्रावर काम करणाऱ्या बाळारामची बायको. "कारखान्याच्या खळ्यावर. बाजूला शेंगांचा ढीग. मंग बी मिसळनार नाय तर काय?"

"मी पाखडून, निवडून दिलंय," हिरामावशी म्हणाली. "दाना दाना बघून."

"बघून दिलं तर हे काय उडत आलं? तुजं डोळं गेलं आता, मावशी. सांग ना तसं."

"वरच्या घराला कसं चांगलं दिलंस?" मागून कोणीतरी म्हणालं. "भावाचं घर ना तुज्या!"

हिरामावशी माझ्याकडे बघायला लागली. तिच्या पाठोपाठ सगळे. कमळ म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा. खळ्यावरनं बी मिसळू शकतं का नाय?"

मी म्हणाले, "असू शकतं."

खोटं नव्हतं ते. शास्त्रात बसतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून गेलं.

परतताना कल्याणला दुर्गाडीच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा मी अविनाशला सगळं सांगितलं.

"तुला नक्की माहितेय?"

"हो."

"मग तिथे का नाही बोललीस?"

मी खिडकीची काच खाली केली. त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "आता बोललीस तर उद्या सगळी सुबाभूळ मुळासकट काढतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. मग आपण काय दाबायचं, वाळू? हे बघ, पुढच्या वर्षी शेंगा राबाला द्यायच्या नाहीत. ड्रायरच्या चुलीत घालू. आपोआप मिटेल."

मला हवं होतं तेच तो बोलला. दोष त्याला देत नाही. आपोआप मिटेल यावर मी त्याच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी वाडीने मुरबाडहून पिशवीचं बियाणं आणलं. पेरणीच्या दिवसांत मी हिरामावशीकडे गेले. अंगणात कोणी नव्हतं. तिने भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. भाकरी तांदळाची, पांढरीशुभ्र.

"खा गो बाय. बियान्याची हाय," ती म्हणाली. "कनगीत ठेवून काय करू? जुनं झालं की उगवत नाय. भरडून आनलं."

"सगळं?"

"माज्या एका खाचरापुरतं ठेवलं."

मी ती भाकरी खाल्ली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आणि मिटलं नाहीच. पिशवीचं बियाणं पेरूनही सुबाभूळ पुन्हा उठली. आदल्या वर्षाचं बी मातीत होतंच. मला वाटलं, आता तरी लोकांना दिसेल की मावशीचा दोष नव्हता. लोकांनी काय म्हणावं? "मावशीनं एकदा शेतात बसवलं, आता ते जात नाय." तिच्या बाजूचा पुरावाही तिच्याच अंगावर गेला. खरं आपण होऊन वर येतं, असं मला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. ते येत नाही. कोणाला तरी उठून सांगावं लागतं, आणि त्या वाडीत ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं.

अविनाशला म्हणाले, "मी सांगणार आहे. विचारत नाहीये." त्याने किल्ली उचलली. मग म्हणाला, "गाडी मी चालवतो."

आधी हिरामावशीला सांगितलं. ती सूप घेऊन बसली होती. पाखडायची थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या दिशी तोंड शिवलं व्हतं का गो तुजं?"

"नाही मावशी. उघडंच होतं."

"मंग?"

"लाकूड जाईल म्हणून भ्यायले."

तिने सुपातले खडे बाजूला काढले. "माजा भाऊ गेल्या वर्सापासनं माज्याकडं यायचा बंद झालाय. लोक म्हनतात, भावाला चांगलं दिलं. तो लाजतो." एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल किंवा हाकलून देईल. तिने सूप झाडलं आणि आत गेली.

मग देवळापुढे सांगितलं. शेंगा, राब, वरच्या घराचा वाफा, माझे ते दोन शब्द. बाळाराम खाली मान घालून बसला. सगळ्यात जास्त भडकली ती कमळ. "आमच्या तोंडून मावशीला नाय ते बोलवलंत तुमी! मी तिला आंधळी म्हनले! ते आता मी कसं गिळू?"

"उपटा सगळं!" एक जण उठून उभा राहिला.

"उपट की! मंग पोरीच्या कालेजाला काय लेंड्या देशील?" दुसरा म्हणाला. बरीच बाचाबाची झाली. आम्ही देत असलेल्या लाकडाच्या पैशांमुळे वरकस आता वाडीच्या पोटाशी बांधलेली होती, हेही खरं. शेवटी ठरलं ते असं : शेंग धरायच्या आत तोड. एकही झाड बियावर जाऊ द्यायचं नाही. ओढ्याच्या कडेची आणि खाचरांच्या वरची सुबाभूळ काढून तिथे बांबू लावायचा. राबाला पुन्हा ऐन, पण झाडाचा शेंडा राखून. आणि राबाच्या जागांतली सुबाभळीची रोपं कारखान्याने हाताने काढायची, दरवर्षी, संपेपर्यंत.

ते सोपं नाही. लवकर तोडलं की खोड बारीक, साल जास्त, पुन्हा खंगर. फरसाणवाल्या काकांना मी स्वतः जाऊन सांगितलं की माल थोडा हलका येईल, भट्टी रोज खरवडावी लागेल. ते म्हणाले, "मग मी तुमच्याकडून का घेऊ?" मी कारण सांगितलं. त्यांनी निम्मा माल बंद केला, निम्मा चालू ठेवला. रास्त आहे. डोंबिवलीच्या एका बॉयलरवाल्याने पूर्णच बंद केला. अविनाश आता सोललेल्या लाकडाचा वेगळा माल काढायच्या खटपटीत आहे. मी वाफ्यांत बसून रोपं उपटते. खुरप्याने मूळ तुटतं आणि पुन्हा फुटतं, म्हणून बोटांनी, ओल असताना, सरळ वर. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली तरी हे काम मी कोणाला देत नाही.

पण बियाण्याचं राहिलं होतं. हिरामावशीने आपल्या एका खाचरातल्या लोंब्या निवडून पुन्हा थोडं वाढवलं होतं. पेरणी जवळ आली तरी तिच्या दारात कोणी येईना. राग नव्हता आता, लाज होती. दोन वर्षं जिला नावं ठेवली तिच्याकडे जाऊन मागायचं कोणत्या तोंडाने? मी तिला म्हणाले, "मावशी, मी पुन्हा देवळापुढे सांगते."

"देवळापुढं सांगितलंस ते झालं," ती म्हणाली. "माजं नाव देवळापुढं गेलं नाय. घराघरातनं गेलं, चुलीपुढनं गेलं. तसंच मागं आनायचं. टोपली उचल."

मी टोपली उचलली. बियाणं तिने आधीच भरून ठेवलं होतं. मी पुढे, ती मागे. प्रत्येक दारात उभं राहून मी तेच सांगायचं : बियाणं चांगलं होतं, खोट माझ्या पाल्यात होती, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. पहिल्या दारात मी पुटपुटतच सुरुवात केली. मावशीने मागून पाठीत बोट खुपसलं. "मोठ्यानं. आत म्हातारी बहिरी हाय."

काहींनी चहा दिला. काहींनी ऐकून घेतलं आणि "आमी आनलंय पिशवीचं" म्हणून टोपलीकडे बघितलंही नाही. एका घराने दारच उघडलं नाही. त्या दारात मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बंद फळीला सगळं सांगितलं. आत भांडी वाजायची थांबली होती, म्हणजे ऐकत होते. भावाच्या घरी मी बोलले तेव्हा मावशी अंगणातच थांबली. तो बाहेर आला, तिच्याकडे न बघता टोपलीतून ओंजळ भरून घेतली आणि मग तिच्या पायाशी वाकला.

कमळचं दार आलं. मी सुरुवात केली तशी ती म्हणाली, "मॅडम, मला ठाव हाय. नका सांगू."

"सांगू दे तिला," मावशी म्हणाली.

मी सांगितलं. कमळने पदर सारखा केला. जवळजवळ माझ्या अंगावरून वाकून ती मावशीला म्हणाली, "मावशी, आमच्या खालच्या खाचरात पानी राहतंय. कुठलं देशील?"

"ते हळवं नको तुला," मावशी म्हणाली. टोपली माझ्या हातातून घेऊन तिने उंबऱ्यावर ठेवली आणि फडक्याच्या खालून वेगळी बांधलेली पुरचुंडी काढली. "हे घे. मिठाच्या पान्यात भिजत घाल. वर तरंगल ते कोंबड्यांना टाक, खाली बसल तेवढंच पेर. आनि पेरायच्या आदी मला वाफा दाखीव. न बघता पेरलंस तर पुढल्या वर्साला देनार नाय."

"नाय पेरत गो," कमळ म्हणाली.

दोघी वाफा बघायला मागच्या दारी गेल्या. मला कोणी बोलावलं नाही. मी टोपली उचलली आणि ज्या घराने 'पिशवीचं आनलंय' म्हणून परत पाठवलं होतं, त्या घराकडे पुन्हा निघाले.